मध्यस्थ इंग्रजी आणि सर्वनामांचा प्रश्न

रशियन, फ्रेंच, जर्मन, जपानी इत्यादी भाषांतील कथावाङ्मयाचा मराठी वाचकास झालेला परिचय बहुतांशी इंग्रजीच्या द्वारे झालेला आहे, ही गोष्ट इतकी सर्वपरिचित आहे की तिचा स्वतंत्र विचार करण्याची आवश्यकता आपणास सहसा वाटत नाही. ही परंपरा जुनी आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणल्या त्या इंग्रजीवरून. ग्रंथनामात अरबी भाषेचा निर्देश आहे, ज्या भाषेवरून त्या प्रत्यक्ष आल्या तिचा नाही. पुढे शतकाहून अधिक काळ लोटल्यावर गौरी देशपांडे यांनी १६ खंडांत अरेबियन नाइट्सचे मराठी भाषांतर सिद्ध केले, तेही बर्टनच्या इंग्रजीवरूनच. टॉलस्टॉय व डोस्टोव्हस्की आपण वाचतो तेव्हा एकतर इंग्रजी भाषांतर वाचतो, किंवा त्या इंग्रजीवरून झालेले मराठी भाषांतर वाचतो. दोहोंतही मधला दुवा तोच.

या दुव्याविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा एका ठरीव तक्रारीपाशी येऊन थांबते. मूळ कृतीचा 'आत्मा' भाषांतरात हरवतो, आणि भाषांतराच्या भाषांतरात तर तो दुप्पट हरवतो, असे म्हटले जाते. हे विधान खोटे नाही, परंतु निरुपयोगी आहे. आत्मा कोणत्या पृष्ठावर, कोणत्या वाक्यात हरवला हे दाखविता आले नाही तर टीकेस करण्यासारखे काही उरत नाही. प्रस्तुत लेखात आत्म्याचा विचार बाजूस ठेवून एका अगदी क्षुद्र वाटणाऱ्या गोष्टीचा विचार करावयाचा आहे. ती गोष्ट म्हणजे द्वितीय पुरुषाचे सर्वनाम.

रशियनमध्ये समोरच्या एका व्यक्तीस संबोधण्याचे दोन मार्ग आहेत : 'ति' आणि 'वि'. फ्रेंचमध्ये 'त्यू' आणि 'वू', जर्मनमध्ये 'दु' आणि 'झी'. मराठीत तू, तुम्ही आणि आपण असे तीन. इंग्रजीतही एके काळी असा भेद होता. शेक्सपिअरच्या नाटकांत 'दाऊ' आणि 'यू' यांची अदलाबदल अर्थपूर्ण आहे. पण सतराव्या शतकानंतर प्रमाण इंग्रजीतून 'दाऊ' मावळले आणि राजा, चाकर, पत्नी, शत्रू या सर्वांस एकच 'यू' पुरू लागले. म्हणजे मूळ भाषेत भेद आहे, लक्ष्य भाषेत भेद आहे, आणि मधल्या भाषेत मात्र तो नाही. तो भेद इंग्रजीच्या उंबरठ्यावर नष्ट होतो; पुढे मराठी भाषांतरकारास तो पुन्हा निर्माण करावाच लागतो, कारण सर्वनामाची निवड केल्यावाचून मराठीत संवादाचे एक वाक्यही लिहिता येत नाही. ही निवड तो कशाच्या आधारे करतो? मूळ त्याच्यासमोर नाही. इंग्रजी मुकी आहे. उरतो तो त्याचा स्वतःच्या समाजाचा अनुभव.

याने प्रत्यक्षात काय बिघडते, हे पाहण्यासाठी 'ॲना कॅरेनिना' (१८७५–७७) ही कादंबरी घेऊ. कॉन्स्टन्स गार्नेट हिचे इंग्रजी भाषांतर १९०१ साली निघाले. या विदुषीने रशियन वाङ्मयाचे सुमारे ७० खंड इंग्रजीत आणले, आणि इंग्रजी जाणणाऱ्या जगाने दीर्घ काळ रशियन कादंबरी वाचली ती मुख्यतः तिच्या शब्दांत. तिच्यावर पुढे पुष्कळ टीका झाली. नाबोकॉव्हसारख्या कादंबरीकाराने तिची फार कठोर संभावना केली. ती सर्वस्वी न्याय्य होती असे मला वाटत नाही. सर्वनामांच्या बाबतीत तर गार्नेटला दोष देणेच चुकीचे आहे, कारण जे साधन इंग्रजीत नाही ते ती आणणार कोठून?

ॲना आणि व्रोन्स्की यांची मॉस्कोहून परतीच्या वाटेवर, हिमवादळात, एका स्थानकाच्या फलाटावर गाठ पडते ते प्रकरण (भाग १, प्रकरण ३०) सर्वांच्या स्मरणात असेल. तेथे दोघे परस्परांस 'वि' म्हणतात. पुढे बेट्सीच्या दिवाणखान्यात ॲना त्याच्या वर्तनाबद्दल त्याला दोष देते, तो आपले प्रेम बोलून दाखवितो, तरीही सर्वनाम 'वि'च राहते. दुसऱ्या भागाच्या अकराव्या प्रकरणात, ज्याची वर्षभर वाट पाहिली ते घडून गेल्यावर, ॲना लज्जेने खचून गेलेली असताना आता तुझ्यावाचून मला काही उरले नाही अशा आशयाचे बोलते, आणि तेथे सर्वनाम बदललेले असते. टॉलस्टॉयने जे घडले त्याचे वर्णन केलेले नाही. दहाव्या व अकराव्या प्रकरणांमधील पोकळीत तो ते सोडून देतो. 'वि'चे 'ति' झाले आहे ही त्या वगळलेल्या प्रसंगाची साक्ष आहे. इंग्रजी वाचकास ही साक्ष ऐकूच येत नाही. त्यास केवळ भोवतालच्या वर्णनावरून अनुमान करावे लागते.

मराठी वाचकास मात्र ती ऐकू येऊ शकली असती. 'तुम्ही'चे 'तू' होणे म्हणजे काय हे मराठी वाचकास समजावून द्यावे लागत नाही. परंतु इंग्रजीवरून भाषांतर करणारा मनुष्य हे दोघे कोठे 'तुम्ही'वर आहेत आणि कोठे 'तू'वर आले, हे स्वतःच्या अंदाजाने ठरवील. फलाटावरच त्याने 'तू' वापरले तर प्रेमकथेची पहिली पायरी नाहीशी होईल. अकराव्या प्रकरणानंतरही ॲनाच्या तोंडी 'तुम्ही' ठेवले (आणि जुन्या वळणाच्या भाषांतरकारास स्त्रीच्या तोंडी तेच शोभून दिसेल) तर शेवटची पायरी.

याहून नाजूक गोष्ट ॲना आणि तिचा पती कारेनिन यांच्या संवादाची. रशियनमध्ये हे पतिपत्नी परस्परांस 'ति' म्हणतात. पतीने पत्नीस तू म्हणावे यात आपणास विशेष काही वाटत नाही. पण पत्नीही पतीस तू म्हणते, आणि ती 'अहो'च्या परंपरेतील पत्नी नव्हे, हे मराठी भाषांतरकारास इंग्रजीतून कळण्याची सोय नाही. कारेनिन तिच्याहून वयाने बराच मोठा, सरकारातील बडा अधिकारी, ती त्यास पुष्कळदा नाव व पितृनाम जोडून संबोधते. हे सर्व पाहून 'अहो, तुम्ही' लिहावयास मराठी लेखणी आपोआप वळेल. तसे झाले की एक विलक्षण उलटापालट घडते. मुळात या संसाराचे दुःख असे की सर्वनाम जवळिकीचे आहे आणि जवळीक उरलेली नाही. मराठीत मात्र दूरत्व सर्वनामातच दिसू लागते, आणि तेही आपल्याकडच्या सर्व सभ्य घरांतून दिसणारे दूरत्व. रशियन ॲनाची कोंडी अशा रीतीने मराठी कुलस्त्रीची रूढ मर्यादा बनते.

मराठी भाषांतरकाराची सहजप्रवृत्ती नेहमीच चुकते असे मात्र नाही. कधी कधी ती इंग्रजीने गमावलेले न कळत परत मिळविते. याच कादंबरीच्या आरंभी ऑब्लॉन्स्कीचा जुना चाकर मात्वेई धनिणीचा निरोप घेऊन येतो. मूळ रशियनमध्ये तो धनिणीविषयी आदरार्थी अनेकवचनात बोलतो. एकोणिसाव्या शतकातील रशियन नोकरांच्या बोलण्याची ती रीत होती. इंग्रजीत तेथे केवळ 'शी' उरते. परंतु कोणताही मराठी भाषांतरकार तेथे जुन्या चाकराच्या तोंडी 'ती जाणार आहे' असे घालणार नाही. 'बाईसाहेबांनी सांगितलंय की त्या निघून जाणार आहेत' असेच तो लिहील, आणि मूळ न पाहता मुळाशी तंतोतंत जुळेल. धनी आणि चाकर यांचे नाते दोन्ही समाजांत पुष्कळसे सारखे होते म्हणून हे साधले. पतिपत्नीचे नाते तसे नव्हते म्हणून तेथे फसगत होते. जेथे दोन समाजरचना जुळतात तेथे अंदाज लागू पडतो, जेथे जुळत नाहीत तेथे तो मुळास खोटे पाडतो. आणि आपण कोणत्या ठिकाणी उभे आहोत हे इंग्रजी पाठावरून कधीच कळत नाही. खरी अडचण ही आहे.

डोस्टोव्हस्कीच्या 'गुन्हा आणि शिक्षा' (१८६६) या कादंबरीतील एक स्थळ मला या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे वाटते. पाचव्या भागाच्या चौथ्या प्रकरणात रास्कोल्निकोव्ह आपण खून केल्याचे सोन्याला कळवितो. सोन्या त्यास आतापर्यंत 'वि' म्हणत आली आहे. तो विद्यार्थी, शिकलेला. ती देहविक्रय करून कुटुंब पोसणारी, स्वतःस सर्वांहून खालची मानणारी. खुनाची गोष्ट कळताच ती आक्रोश करते आणि त्याच्या गळ्यात पडते. त्या पहिल्या आक्रोशात अद्याप 'वि' आहे. दोन वाक्यांचे अंतर जाते न जाते तोच ती त्याच्यासारखा दुर्दैवी जगात दुसरा कोणी नाही असे म्हणते, आणि तेथे 'ति' आलेले असते. समजून घेण्यासारखी गोष्ट ही की येथे प्रेमाची कबुली दिल्यामुळे सर्वनाम बदलत नाही. समोरचा खुनी आहे हे कळल्यामुळे ते बदलते. ज्या क्षणी सारे जग त्यास दूर लोटील त्याच क्षणी ती अंतर मिटविते.

इंग्रजीत, मग ते गार्नेटचे (१९१४) असो वा नंतरच्या कोणाचे, येथे दोन्ही वेळा 'यू' येते. या प्रकरणावर इंग्रजीच्या आधारे लिहिणारा टीकाकार सोन्याच्या करुणेविषयी, ख्रिस्ती क्षमेविषयी पृष्ठेच्या पृष्ठे लिहू शकतो. ती करुणा ज्या एका शब्दात प्रथम प्रकट झाली तो शब्द त्याच्या पाठात नाही.

मराठीत हा शब्द आहे, आणि तो रशियनपेक्षाही अधिक बोलका आहे. आपल्या जुन्या घरांतून वडिलांस 'तुम्ही' म्हणत आणि आईस 'तू'. परक्या प्रौढ पुरुषास 'तू' म्हणणे कोणत्याही स्त्रीस शोभले नसते. पण लेकरास ती 'तू' म्हणे, धाकट्या भावास म्हणे आणि पंढरीच्या विठोबासही म्हणे. सोन्याच्या तोंडचे 'तू' मराठीत उतरले तर त्यात आई, बहीण आणि भक्त या तिघींचे स्वर एकदम उमटतील. डोस्टोव्हस्कीस याहून चांगला वाचक मिळणे कठीण. मात्र त्यासाठी भाषांतरकाराने त्या पहिल्या आक्रोशापर्यंत 'तुम्ही' सांभाळून ठेवले पाहिजे, आणि तो बदल नेमक्या कोणत्या उद्गारापाशी होतो हे त्यास ठाऊक असले पाहिजे.

काही लेखक हा बदल स्वतःच बोलून दाखवितात, तेव्हा इंग्रजी भाषांतरकाराची तारांबळ होते. आल्बेर काम्यूच्या 'लेत्रांजे' (१९४२) मध्ये शेजारी रेमाँ मर्सोशी मैत्री जोडतो. रेमाँ आपणास 'त्यू' म्हणू लागला आहे हे प्रथम आपल्या ध्यानातच आले नव्हते, असे मर्सो सांगतो. ज्या माणसास आपल्याभोवती नाती कशी जुळत आहेत याची दखलच नाही त्याचे हे संपूर्ण चित्र एका वाक्यात आले आहे. आणि याच न जाणवलेल्या मैत्रीतून पुढे समुद्रकिनाऱ्यावरचा खून उद्भवतो. इंग्रजीत या वाक्याऐवजी काहीतरी पर्यायी योजना करावीच लागते. त्या योजनेचे मराठी केले तर ती उसनी दिसेल. मुळाचे केले तर 'तो मला अरेतुरे करू लागला होता हे माझ्या लक्षातच आले नाही' इतके साधे वाक्य पुरते. याच कादंबरीच्या पहिल्या वाक्यातील 'मामाँ' या शब्दावरून इंग्रजीत केवढा वाद झाला! स्टुअर्ट गिल्बर्टने १९४६ साली औपचारिक 'मदर' योजिले, मॅथ्यू वॉर्डने १९८८ साली फ्रेंच शब्दच ठेवला. मराठीत तेथे 'आई' लिहावे आणि पुढे जावे. आपली 'आई' घरातही तीच आणि दप्तरातही तीच. म्हणजे इंग्रजीच्या सगळ्याच अडचणी आपल्या नव्हेत. पण इंग्रजीवरून वाचणारा मराठी अभ्यासक त्या वादाचा आपणही वारसा घेतला पाहिजे असे समजतो, आणि ज्या 'त्यू'ची आपणास खरी गरज आहे तो त्याच्या नजरेतून निसटतो.

सर्वनामाचा हा प्रश्न युरोपीय भाषांपुरता नाही. नात्सुमे सोसेकी याच्या 'मी मांजर आहे' (१९०५–०६) या जपानी कादंबरीचा निवेदक एक मांजर आहे आणि ते स्वतःचा उल्लेख 'वागाहाइ' या भारदस्त, मिरासदारी थाटाच्या सर्वनामाने करते. बेवारशी मांजराने असे बोलावे यातच अर्धा विनोद आहे. इंग्रजी 'आय'मध्ये त्याचा मागमूस राहत नाही. मराठीत मात्र प्रथमपुरुषी 'आम्ही' हजर आहे. सरदार, संस्थानिक आणि काही कवी आजवर ते वापरीत आले. 'आम्ही मांजर आहोत' असे म्हणताच मांजराच्या मिशांना पीळ पडतो. वर दिलेले मराठी शीर्षक मी मुद्दामच इंग्रजीच्या वळणाचे दिले.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल की मूळ भाषेवरून भाषांतर केले म्हणजे प्रश्न मिटला. तो अर्धाच मिटतो. मामा वरेरकरांनी शरच्चंद्रांचे वाङ्मय सरळ बंगालीवरून मराठीत आणले, आणि शरद्बाबू मराठी घरांत इतके आपलेसे झाले की ते परभाषेतील आहेत याचाही विसर पडला. बंगालीत 'तुइ', 'तुमि', 'आपनि' अशी तीन सर्वनामे आहेत. 'तुमि' हे दिसावयास आपल्या 'तुम्ही'चे सख्खे भावंड. पण त्यात जवळीक आहे, आणि आपल्या 'तुम्ही'त आदराचे अंतर. प्रेमिकांचा 'तुमि' मराठीत 'तुम्ही' केला तर ताठरतो, 'तू' केला तर किंचित उघडा पडतो. सरळ बंगालीवरून जाणाऱ्यासही येथे तडजोड करावीच लागते. फरक इतकाच की तो तडजोड करीत आहे हे त्यास ठाऊक असते. इंग्रजीवरून जाणाऱ्यास ते ठाऊक नसते. हा फरक माझ्या मते फार मोठा आहे.

इंग्रजी लेखकांनाही आपल्या भाषेतील ही उणीव कधी कधी जाचली आहे. हेमिंग्वेने स्पेनच्या यादवी युद्धावरील आपल्या कादंबरीत (१९४०) पात्रे स्पॅनिश बोलत आहेत हे सुचविण्यासाठी मृतप्राय 'दाऊ' पुन्हा उभे केले. त्यामुळे पुष्कळ इंग्रजी वाचकांस ते संवाद बायबलसारखे कृत्रिम वाटले. मराठी भाषांतरकारास तेथे नुसते 'तू' लिहावयाचे आहे.

आता आपल्या विभागांतून चालणाऱ्या अभ्यासाकडे वळू. मराठी कादंबरीवर पडलेल्या परकीय प्रभावांविषयी पुष्कळ लिहिले जाते : अमक्यावर डोस्टोव्हस्कीचा प्रभाव, तमक्यावर काम्यूचा. प्रभाव कोणत्या पाठाचा, हे मात्र फारच क्वचित सांगितले जाते. मराठी लेखकाने वाचला तो गार्नेटचा डोस्टोव्हस्की आणि गिल्बर्टचा काम्यू. त्यातील माणसे एकमेकांस एकाच 'यू'ने बोलतात. त्यांच्यामध्ये एक प्रकारचे सपाट, तटस्थ अंतर आहे. मराठीतील आधुनिक कथेत जो तुटलेपणा 'पाश्चात्त्य' म्हणून ओळखला जातो त्यातील काही अंश मूळ लेखकांचा नसून या भाषेच्या सपाटीकरणाचा असण्याचा संभव आहे. हे मी सिद्ध केले आहे असा माझा दावा नाही. परंतु हे तपासता येण्यासारखे आहे, आणि 'आत्मा हरवला' हे तपासता येत नाही. संवादाची पाचपन्नास स्थळे निवडून मूळ, इंग्रजी आणि मराठी अशी शेजारी मांडली तर एका प्रबंधाचे काम सहज होईल. त्यासाठी रशियनवर प्रभुत्व लागत नाही. 'ति' आणि 'वि' ओळखण्यापुरती लिपी व रूपे महिनाभरात शिकता येतात. मॉस्कोच्या प्रकाशनगृहांनी मराठीत काढलेली पुस्तके, ज्यांचा ओघ १९९१ नंतर आटला, आपल्या जुन्या ग्रंथालयांत अद्याप सापडतात. त्यांतील जी सरळ रशियनवरून झालेली आहेत ती इंग्रजीवरून झालेल्यांशी ताडून पाहण्यास उत्तम साधन आहेत. त्यांच्या मराठीला पुष्कळांनी नाके मुरडली; त्यांतील सर्वनामे मात्र कोणी मोजून पाहिलेली माझ्या वाचनात नाहीत.

इंग्रजीचे हे द्वार आता आपल्या शेजाऱ्यांच्या घरासमोरही उभे राहिले आहे. २०२२ साली गीतांजली श्री यांच्या 'रेत समाधि' या हिंदी कादंबरीच्या आणि २०२५ साली बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांच्या इंग्रजी भाषांतरास आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले, आणि पुष्कळ मराठी वाचकांस ही नावे प्रथम लंडनहून कळली. ज्या महाराष्ट्रात उमा कुलकर्णी यांच्यासारख्या भाषांतरकर्त्या भैरप्पांच्या कादंबऱ्या सरळ कन्नडवरून आणीत आल्या, त्याच महाराष्ट्रात कन्नड कथा इंग्रजीवरून मराठीत येऊ लागली तर त्याचे समर्थन करणे मला तरी कठीण वाटेल.

जाता जाता 'ॲना कॅरेनिना'मधील आणखी एका स्थळाचा निर्देश करतो, कारण तेथे टॉलस्टॉयने हाच प्रश्न स्वतः हाताळला आहे. तिसऱ्या भागाच्या चौदाव्या प्रकरणात, पत्नीने आपला व्यभिचार कबूल केल्यानंतर, कारेनिन तिला पत्र लिहावयास बसतो. 'ति' लिहिणे आता त्यास अशक्य आहे. 'वि' लिहिले तर ते फार थंड, जवळजवळ हाकलून दिल्यासारखे होईल. म्हणून तो फ्रेंचमध्ये लिहितो, कारण फ्रेंच 'वू'मध्ये रशियन 'वि'चा गारठा नाही, असे टॉलस्टॉय स्पष्ट सांगतो. इंग्रजीत हे वाक्य एक भाषाशास्त्रीय माहिती म्हणून येते. पुढे पत्रातले 'यू' आणि एरवीचे 'यू' यांत काहीच फरक नसतो. मराठीत या पत्रासाठी 'आपण' वापरता येईल, पण मला ते थोडे दरबारी वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा सुशिक्षित मराठी अधिकारी अशा प्रसंगी काय करता? पत्नीस तू म्हणावे की तुम्ही, हे ठरविता येत नाही असे पाहून आणि तिला ती भाषा येत असती तर, त्याने ते पत्र बहुधा इंग्रजीत लिहिले असते.